दाखल्याआधीचा हात

लोक मला खमकी म्हणतात. नायगावात माझी पिठाची गिरणी आहे. उधारी मागायची तर मी तोंडावर मागते, दळण खराब निघालं तर तेही तोंडावर कबूल करते. अशा बाईच्या पोटात काही दडलेलं असेल, असं कुणाच्या मनात येत नाही. म्हणून कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही — लेकीला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगते. का सांगते, ते विचारू नका.

माझे मालक, म्हणजे माझा नवरा, आचारी होते. लग्नाचा, बारशाचा, भंडाऱ्याचा स्वयंपाक करायचे. बुंदी पाडावी तर त्यांनीच, असं नांदेडपासून निलंग्यापर्यंत लोक म्हणत. डाव्या हातात झारा कढईवर धरायचा, उजव्यानं त्यावर पीठ ओतत राहायचं, मग तळलेली बुंदी भराभर उपसायची — पुन्हा पीठ, पुन्हा उपसणं. सकाळपासून. सगळं काम उजव्या कोपराचं.

निलंग्याचं एक लग्न उरकून ते भांड्यांच्या टेम्पोतून परत येत होते. लातूरच्या अलीकडे ट्रक चुकीच्या बाजूनं आला आणि टेम्पोवर आदळला. चूक ट्रकची होती, त्यावर कधी वाद झालाच नाही. बाकीचे खरचटण्यावर निभावले. ह्यांचं कोपर फुटलं. लातूरला ऑपरेशन झालं, आत स्टीलच्या पट्ट्या बसवल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हाडं जुळतील, पण सांधा मोकळा करणं घरच्यांच्या हातात आहे. रोज वाकवायचा. ओरडले तरी सोडायचं नाही.

मी सोडणारी नव्हतेच. गिरणी उघडायच्या आधी मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसायची आणि हात धरून वाकवायची. ते दातात पंचा धरायचे. शिव्या द्यायचे — मला, ट्रकवाल्याला, डॉक्टरच्या सात पिढ्यांना. "तू मागच्या जन्मी फौजदार होतीस," म्हणायचे. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पोळ्याच्या दिवशी त्यांची बोटं हनुवटीला लागली. मान पुढे काढून पुरणपोळीचा तुकडा त्यांनी त्याच हातानं तोंडात घातला आणि मग बराच वेळ चावतच बसले.

म्हणजे हात येत होता. हे मी आधीच सांगून ठेवते.

भरपाईचा दावा नांदेडला चालू होता. भरपाई मागणं चूक होतं का? अजिबात नाही. घरात लेक शिकत होती, गिरणीवर घर चालत नव्हतं. पण विमा कंपनीचं म्हणणं पडलं की आचाऱ्याला पगार नसतो, ह्यांना हंगामी मजूर धरा. आमच्याकडे कमाईचा पुरावा काय? जेवून गेलेल्या लोकांचे ढेकर? वकील म्हणाले, आता सगळं अपंगत्वाच्या दाखल्यावर आहे. सरकारी दवाखान्यात डॉक्टर हात तपासतील, टक्का ठरवतील, त्यावरून रक्कम. तपासणीची तारीख दिवाळीनंतरची मिळाली. वकील एवढंच बोलले. पुढचं त्यांनी शिकवलं नाही.

ते मला कोर्टाच्या व्हरांड्यात कळलं. तिथं देगलूरकडची एक बाई लेकाच्या पायाच्या दाव्यासाठी आलेली होती. डब्यातली भाकरी मला देत ती म्हणाली, "माझं पोरगं टणाटण चालत गेलं बघा डॉक्टरपुढं. मीच मालीश करकरून चालवलेलं. काय भेटलं? बरं झालेल्याला कोण देतंय, बाई? दाखल्याच्या आधी बरं व्हायचं नसतंय."

ती रडगाणं सांगत होती. मला सल्ला दिला नव्हता. तो मी घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात धरायला बसले. मालक नेहमीसारखं म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे ना. लई ठणकायलंय." हे ते रोज म्हणायचे, आणि मी रोज वाकवायची. त्या दिवशी मी म्हटलं, "बरं. राहू द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या दिवशीही मी राहू द्या म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यांना म्हणावंही लागलं नाही. मी हळद घालून दूध देऊ लागले. कोपर गरम पाण्यानं शेकून, वर उशी लावून ठेवू लागले. लग्न झाल्यापासून असं त्यांच्या उशापायथ्याशी बसायला मला वेळच मिळाला नव्हता. शेजारणींना ते कौतुकानं सांगायचे की फौजदारीण रिटायर झाली.

इथं थांबले तर तुम्ही म्हणाल, नवऱ्याला दुखत होतं, बायकोनं ऐकलं, त्यात काय एवढं? मीही स्वतःला बरीच वर्षं इथंच थांबवत आले.

पण पुढे एक दिवस आहे. दसरा झाला होता. निलंग्याचं त्यांचं जुनं गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, लेकीचं लग्न काढतोय, तुम्ही नुसते उभे राहा, जमलं तर शकुनाचा एक घाणा पाडा. मालक एकदम हुशारले. गिरणीत माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी स्वतः हात पुढे केला. म्हणाले, "चल, वाकव. आज मी वरडत न्हाई."

काय करायला हवं होतं, ते मला कळत होतं. मी गिरणीचा पट्टा बंद केला, हात पुसले. कोपर धरून पाहिलं. घट्ट झालं होतं, पण अजून लाकूड झालेलं नव्हतं — मी रोज धरलेलं होतं, मला कळायचं. आणि मी म्हटलं, "आता नको. डॉक्टरांनीच थांबायला सांगितलंय. दिवाळी होऊ द्या."

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं.

त्यांनी हात मागे घेतला. मी पट्टा चालू केला.

दिवाळीनंतर तपासणी झाली. मी त्यांच्या बाजूला उभी होते. डॉक्टरांनी हात वाकवायला घेतला, तो काटकोनाच्याही अलीकडेच अडला. मालकांच्या कपाळावर घाम आला. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. काम झालं, असं वाटलं. दळण उतरल्यावर वाटतं तेवढंच.

त्याच आठवड्यापासून मी पुन्हा हात वाकवायला बसले. पूर्वीपेक्षा जास्त जोर लावला. काही हललं नाही. लातूरच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि विचारलं, मध्ये व्यायाम सोडला होता का? मी तोंड उघडायच्या आत मालक म्हणाले, "हाव. मीच टाळलो. दुखायचं म्हणून." डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही तरी एवढं मऊ व्हायचं नव्हतं. मी मान खाली घातली, मऊ बाईसारखी.

थांबायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं, असं ते तिथं बोलले नाहीत. विसरले होते, की ओळखून होते? मी कधी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळालं असतं.

भरपाई मिळाली. वकिलांच्या मते रास्त मिळाली. लेकीचं नर्सिंग झालं, ती आता लातूरला नोकरी करते. हात मोकळा असता तर किती मिळालं असतं, कुणी सांगू शकत नाही. हात किती मोकळा झाला असता, तेही नाही. निम्मा? पुरता? घास घेण्यापुरता?

मालक डाव्या हातानं जेवतात. घरात जेवतात. पंगतीत बसत नाहीत, डाव्या हातानं चारचौघांत घास घ्यायची त्यांना लाज वाटते. लग्नाला गेलो की ते बुंदीच्या कढईपाशी जाऊन बसतात, नव्या आचाऱ्याला पीठ पातळ झालंय म्हणून सांगतात, आणि मी त्यांचं ताट झाकून घरी आणते.

मागच्या महिन्यात गल्लीतली सुशीला दळण घेऊन आली. तिचं मनगट मोडलं होतं, प्लास्टर नुकतंच काढलेलं. व्यायाम करताना जीव जातो, म्हणून सोडून दिला म्हणत होती. मालक खुर्चीवर बसून होते. ते तिला म्हणाले, "सोडू नको, माय. माझ्याकडं बघ. ही लई माया करायली अन् मी लाडावलो. तुझ्या मालकाला सांग, माया करू नको म्हणावं."

सुशीला हसली. माझ्याकडे वळून म्हणाली, "मामी, तुमी अन् माया?"

मालक म्हणाले, "केली की. त्या वर्षी केली."

मी सुशीलेच्या डब्यात पीठ भरलं. तिच्या हातात जोर नव्हता, म्हणून डबा उचलून तिच्या घरापर्यंत नेऊन दिला.