नालवाडीच्या विहिरीतला समुद्र

फोन आला तेव्हा मी भाजीबाजारात वांग्याच्या कॅरेटवर बसलो होतो. बायकोचा, मंदाचा. "वयनी गेल्या," एवढंच म्हणाली. मी "येतो" म्हणालो आणि पुढ्यात उभ्या बाईला अर्धा किलो वांगी तोलून दिली. हात चालतच राहिले. मग तराजू आवरून घरी निघालो, तर रस्ता संपेना. आषाढातली गोष्ट. त्याला आता महिना होत आला, पण तो थकवा काही अंगातून जात नाही बावा.

वयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, वेंगुर्ल्याची. दादा शेतकी खात्यात होता. बदलीवर तिकडं गेला आणि परतताना वयनीला घेऊन आला. तेव्हा आमच्या वर्ध्याजवळच्या नालवाडीत समुद्र पाहिलेला माणूस औषधालाही सापडला नसता. पहिल्याच आठवड्यात आमचा रस्सा खाऊन तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि आई म्हणाली, "पोरगी माहेरासाठी रडून राह्यली." दोन्ही खरं असावं.

पुढं ती आमच्यासारखीच मळ्यात राबली. पण मेथीच्या जुड्या बांधायला बायका अंगणात बसल्या, की वयनीच्या हातात कोळसा यायचा. फरशीवर गाव उमटायचं. हा धक्का, ही डचांची वखार, हा डोंगरावरचा दीपस्तंभ. "आगबोटीचा भोंगा झाला की अख्खा गाव धक्क्यावर," ती सांगायची. "कोणाचं कोणी येणार नसलं तरी जायचं." मी चिडवायचो, "वयनी, पडक्या वखारीचं काय कवतिक सांगता?" ती जुडी आवळत म्हणायची, "भावजी, हॉलंडची जहाजं आमच्या दारात लागायची, तेव्हा तुमचं वर्धा जन्मलंसुद्धा नव्हतं." बायका खो खो हसायच्या. मी कशाला वाद घालतो! पण आज सांगतो, वेंगुर्ल्यात मला डोळे बांधून सोडलं तरी मी धक्क्यापासून बाजारापर्यंत बिनचूक जाईन. आणि ते गाव मी एकदाही पाहिलेलं नाही.

नारळी पौर्णिमेला तिकडं समुद्राला नारळ देतात. इथं समुद्र कुठला? वयनी आमच्या मळ्यातल्या विहिरीत नारळ सोडायची. पहिल्या वर्षी मी तो पाहिला. आमच्याकडं नारळ म्हणजे देवापुढं फोडायचा आणि वाटून खायचा. आख्खा नारळ पाण्यात सडू द्यायचा, हे काही डोक्यात शिरेना. बादली काढायचा गळ टाकला, नारळ वर घेतला, आईनं वाटून चटणी केली. वयनीनं घास घेतला आणि थबकली. "भावजी, समुद्राचो नारळ तुम्ही चटणीत घातलात?" तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या वर्षीपासून तिची राखण सुरू झाली. नारळ सोडला की विहिरीच्या काठावर स्टूल टाकून दिवसभर बसायची, पश्चिमेकडं तोंड करून. मोटर लावायची नाही, गळ कोणी उचलायचा नाही. ऊन कललं की पाण्यात वाकून बघायची आणि म्हणायची, "घेतल्यान समुद्रान. आता काढा." मग त्याच नारळाचा गोड भात. एकदा मी म्हटलं, "वयनी, त्यापेक्षा पवनारले जाऊ. धाम नदीत सोडजा. वाहतं पाणी आहे, जाईल समुद्रात." तिनं मान हलवली. "तुमची नदी उलटी जाते, भावजी. पलीकडच्या समुद्रात. तो माझा नव्हे." मी हसलो होतो.

दादा गेल्यावर ती एकदाच म्हणाली, "एकदा वेंगुर्ल्याक जाऊन येऊया?" मी म्हटलं, वांगी आटोपली की जाऊ. वांग्यानंतर टमाटे आले, टमाट्यानंतर पालक. भाजीवाल्याचं कधी आटोपत नसतं, हे मला ठाऊक होतं. तिलाही असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही. सात वर्षं… एक गाडी पकडायची होती फक्त.

आणि मी शेवटी काय केलं? तिसऱ्या दिवशी अस्थी न्यायच्या, तर सगळे म्हणाले, पवनार जवळ आहे. पाऊस होता, माणसं दमलेली होती, मीही दमलो होतो. हो म्हणालो. धामच्या पाण्यात गुडघाभर उभं राहून मडकं उपडं केलं, आणि ते रिकामं झाल्यावर मला आठवलं. तुमची नदी उलटी जाते, भावजी. मी मडकं धरून तसाच उभा. चुलतभावाचा पोरगा ओढत होता, "काका, चला ना, काऊन थांबले?" काय सांगू त्याले? जिवंतपणी नेलं नाही, आणि मेल्यावर भलत्याच समुद्राकडं धाडलं.

मग कळलं, तिनं विहीर काऊन धरली होती ते. विहिरीचं पाणी कुठंच जात नाही. ते ज्याचं म्हणाल त्याचं.

काल नारळी पौर्णिमा झाली. यंदा घरात सण नाही, तरी सकाळी मंदानं माझ्या हातात नारळ दिला. मी तो टोपल्यातून दोरानं पाण्यात सोडला आणि रिकामं टोपलं वर घेतलं, ती करायची तसं. "चुकलो, वयनी," म्हटलं. आठ दिवसांची उघाड, वांग्याची रोपं माना टाकून होती, पण मोटर लावली नाही. तिचं स्टूल काठावर घेतलं आणि बसलो. शेजारच्या मळ्यातला नामदेव बांधावरून ओरडला, "काय करून राह्यले, भाऊ?" म्हटलं, "वयनीचा समुद्र राखून राह्यलो." त्यानं टोपी काढली, विहिरीकडं हात जोडले आणि गेला.

ऊन कललं. मंदा गळ घेऊन आली, माझ्याजवळ थांबली. दोघांनी वाकून पाहिलं. नारळ तरंगत होता. समुद्रानं तो घेतला की नाही, ते आम्हाला कसं कळणार? ते फक्त तिला कळायचं.

"काढायचा का?" मंदानं विचारलं.

मी तिच्या हातातला गळ घेतला आणि भिंतीला टेकवून ठेवला. आज सकाळी पाहिलं, नारळ विहिरीतच आहे.