सरसाचं पाणी

किसनमामाकडं कुणी क्लॅरनेट घेऊन आला, की मामा आधी वाद्य बघायचा नाही, आणणाऱ्याची नखं बघायचा. वाढलेली दिसली की सुरू. "नखानं भोकं कुरतडतो, आन् म्हणतो सूर बिघडला." मामाच्या शिव्या खाल्ल्याशिवाय कुणाचं काम होत नसे.

मामा स्वतः बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. रेणापूरजवळच्या आमच्या गावात, बौद्धवाड्यातल्या ओट्यावर बसून तो लाकडी वाद्यांची झिजलेली, काठ उडालेली भोकं दुरुस्त करी. खराब काठ कोरून काढायचा, तसल्याच लाकडाची गुल्ली सरसानं, म्हणजे पाण्यात भिजवलेल्या कातड्याच्या गोंदानं, बसवायची, वाळली की नवं भोक पाडायचं. मग डोळे मिटून त्यावर बोट ठेवायचं. "वारा लई लबाड. केसाएवढी फट ठिवली, की पळाला."

लातूर नवा जिल्हा झाला आणि मी तिथल्या कचेरीत लागले. पुढं दुष्काळ पडला. आमच्या वाड्याची विहीर आटली. पाणी उरलं ते गावचे जमीनदार दौलतराव यांच्या विहिरीला. गावाला ते पाणी देत. आमच्या बाया दिसल्या, की त्यांचे गडी वाटेवर बाभळीचे काटे ओढत. माझी आई कोसभरावरून घागर आणायची. "तुझ्या नव्या जिल्ह्याला तहान कळती का गं?" मामा मला विचारायचा.

अशात दौलतराव स्वतःच ओट्यापाशी आले. देवळाची जुनी सनई पडून एका भोकाचा काठ उडाला होता, आणि जत्रा तोंडावर होती. सगळं गाव त्यांना मालक म्हणे. मामा नावानं बोलवी.

"सरस भिजवाया पाणी लागतं, दौलतराव."

"घागर पाठवतो की."

"घागर नगं. आमच्या बाया तुमच्या हिरीवर येतील. त्यांनी शेंदलेल्या पाण्यात सरस भिजंल. न्हाईतर सनई उचला."

त्यांनी उचलली. लातुरात कुणीतरी भोकाला मेण लावून दिलं. ते उन्हात पाघळलं. दौलतराव परत आले आणि खाली बघत म्हणाले, "पाठव बायांना."

पहिला पोहरा माझ्या आईनं ओढला. मामानं सनईत तसूभर कसूर ठेवली नाही. मी चिडून विचारलं, तर म्हणाला, "राग त्या माणसावर हाय. लाकडानं काय केलं?"

जत्रेत सनई गोड वाजली. दुसऱ्या सकाळी वाटेवर पुन्हा काटे.

मामानं ते हातानं उपसले आणि वाटेतच बसला. गड्यांनी काठ्या घातल्या. उजव्या हाताची दोन बोटं मोडली, तरी तो हलला नाही. त्याच्यामागून बाया पाणी नेत राहिल्या. मी ठाण्यात गेले, तर फौजदार मला म्हणाला, "गावात मिटवा." तक्रार लिहून घेईपर्यंत मी त्याच्यासमोरून हलले नाही. त्यानंतर काटे पडले नाहीत.

बोटं मात्र वाकडीच राहिली. भोक झाकेना, क्लॅरनेट सुटलं. मामाचा राग म्हातारपणीही उतरला नाही. तो वारला त्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्या उशाशी बसले होते. समजुतीनं म्हणाले, "जाऊ द्या मामा. पाणी तर मिळालं ना."

त्यानं माझा हात झटकला.

"मिळालं म्हनू नगं. घेतलं म्हन."