उघड्या दाराचा भार

समोरच्याचं नाव, गाव, पीकपाणी विचारायच्या आधी तो अंगातून किती उष्णता बाहेर टाकतो याचा अंदाज बांधणारा इसम साऱ्या मराठवाड्यात एकच आहे, आणि माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीने नेमका तोच पसंत केला. हे आमचे साडू. जालन्यात स्वतःच्या घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी ते इमारती थंड करतात. खऱ्या नव्हे, संगणकातल्या. एखादा दवाखाना किंवा हॉटेल अजून नकाशात असतं, तेव्हाच साडू त्याच्या भिंती, काचा, छत, दिवे आणि आत बसणारी माणसं संगणकात उभी करतात आणि त्यावर अख्ख्या वर्षाचं ऊन सोडून देतात. कोणत्या तासाला आत उष्णतेचा किती भार होईल, तो उतरवायला थंड पाण्याच्या नळ्यांचं भेंडोळं, ज्याला ते कॉइल म्हणतात, केवढं लागेल आणि त्यात पाणी सोडणारा व्हॉल्व्ह कधी किती उघडेल, हे त्यांना पाया खणायच्या आधी ठाऊक असतं. बायकोने सकाळी बाजारातून काय आणायला सांगितलं होतं, ते मात्र ठाऊक नसतं.

कुणाच्याही घरी गेले की ते बसायच्या आधी भिंतींना तळहात लावून पाहतात, वैद्याने नाडी बघावी तसे. परतूरला एका लग्नात, भर मे महिन्यात, मंडपात डोळे मिटून बसले होते. मला वाटलं मंगलाष्टकं ऐकताहेत. एकदम डोळे उघडून वधूपित्याला म्हणाले, "भार लई झाला. निम्मे पाव्हणे उठवा, बराबर होईल." त्या गरिबाला वाटलं, हे वरपक्षाचं नवीनच मागणं. मंडपात बसलेल्या दोन भावक्या उठल्याही, आणि त्यांना पुन्हा बसवायला मला जे पाय धरावे लागले, त्यातून माझी कंबर अजून सरळ झालेली नाही. संगणकात जालन्याचं हवामान मिळत नाही, संभाजीनगरचं वापरावं लागतं, हे त्यांचं जुनं दुखणं. "तिकडचं ऊन घालून इकडचं घर तापवायचं, हा बिलकुल अन्याय हाय," म्हणत त्यांनी गच्चीवर स्वतःचं तापमापक बसवलं. आता गल्लीतले कावळेसुद्धा ते वाचल्याशिवाय लिंबावरून हलत नाहीत, असं मी सांगतो आणि लोक मान डोलावतात.

माझं आणि बायकोचं वाजलं की निवाडा साडूंकडे जातो. "साडूभाऊ, तुमचा व्हॉल्व्ह लई उतावळा हाय. जरा तापलं की पूर्ण उघडता, गारठलं की पूर्ण बंद करता. मंग घर दिवसभर हेलकावे खाऊन राह्यलंय. थोडं उघडायचं, थांबायचं, बघायचं." हा उपदेश मी सतरा वेळा ऐकला आणि अठराव्यांदा पूर्ण उघडलो.

पण या थांबून बघणाऱ्या माणसाचा धीर मी एकदा सुटताना पाहिला. त्यांचे वडील तात्या तीर्थपुरीला एकटे राहायचे, पत्र्याच्या घरात. मागच्या उन्हाळ्यात ऊन लागून ते ओट्यावर कोसळले. शेजाऱ्यांनी वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. डॉक्टरांनी बजावलं, आता एकही उन्हाळा पत्र्याखाली नको. यंदा होळी झाली तसे साडू त्यांना जालन्याला घेऊन आले. आधी साधा एसी लावला. तात्या म्हणाले, "हे एकदम अंगावर येतंय, मंग एकदम मरतंय." मग साडूंनी रस्त्याकडची खोली संगणकात उभी केली, तात्यांना त्यात बसवलं, गच्चीवर पाणी थंड करायचं यंत्र आणि खोलीत छोटी कॉइल बसवली. संगणकातले तात्या अगदी सुखात होते. खरे तात्या घामाने भिजून पिशवी भरत होते. "उद्याच्या एसटीनं मी गावाकडं चाललो."

साडूंनी दुपारी खोलीत डोकावलं, तर रस्त्याकडचं दार सताड उघडं.

"तात्या, हे कोणी उघडलं?"

"मी. कामून?"

"मी बंद धरून हिशेब केल्ता!"

"मंग चुकला तुझा हिशेब."

"लावलेलं असलं तरी लोकं वाजवतील की!"

"वाजवून पोस्टमन येतो. बसायला येणारा उघडं दिसलं तरच येतो. आठ दिवस झाले, कुत्रं आलं न्हाई इथं."

साडूंनी दार उघडं धरून पुन्हा हिशेब मांडला आणि मला फोन केला. आवाज पडलेला. "थेटराला लागती तेवढी कॉइल लागून राह्यली, साडूभाऊ. दार लावलं तर तात्या जातेत, उघडं ठेवलं तर गार होत न्हाई. अन् तिकडं पत्रा हाय." मी सरळ उपाय सुचवला, कुलूप घाला. ते म्हणाले, "कुलपात भाजी गार राहती, बाप न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तात्यांची भरलेली पिशवी माळ्यावर टाकली आणि खाट उघड्या दाराशी ओढली. कॉइलच्या वाऱ्याचं तोंड खाटेवर वळवलं. भिंतीवरचं तापमापक काढून खाटेच्या पायाला बांधलं, म्हणजे व्हॉल्व्हने खोलीचं न ऐकता तात्यांचं ऐकावं. "खोली थंड करायचीच न्हाई. तात्या थंड करायचे." गारवा तात्यांवरून वाहत पायऱ्यांवरून सरळ रस्त्यावर जाऊ लागला. काचेच्या फटीतून झुळूक सुटली तरी जेवण सोडणारा हा माणूस, ते निमूट बघत उभा होता. आठवड्यात पायऱ्यांवर भाजीवाली, इस्त्रीवाला, दोन पेन्शनर आणि एक शेळी कायमची झाली. वैशाखात तर गल्लीतल्या लोकांनी पेटीतून स्वेटर काढून घातले, असं मी परतूरला सांगून आलोय.

पाऊस पडला तरी तात्यांनी गावाचं नाव काढलं नाही. परवा गेलो, तर साडू ती खोली नव्याने संगणकात मांडत होते. आत राहणारा माणूस कधीपासून कधीपर्यंत असणार, हे त्यात भरावं लागतं. तात्यांच्या नावासमोर त्यांनी बाराही महिने, सगळे दिवस भरले होते. मी म्हणालो, "सणाला तरी गावाकडं जातील. आणि वय बघा त्यांचं. असं कायमचं कसं धरता?"

"मॉडेलात एकच वर्ष असतं, साडूभाऊ," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "डिसेंबर सरला की पुन्हा तोच जानेवारी. तेच ऊन, तोच पाऊस. तात्यांचं वय तिथं वाढत न्हाई."

बाहेर तात्या कुणाला तरी म्हणत होते, "अरे, ये की वर, बस." साडूंनी बटण दाबलं, आणि वर्ष पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.