निरोपाचं गाणं

दादाच्या मराठीत बाईमाणूस आणि पुरुषमाणूस असा भेदच नव्हता. 'मी जाते', 'आई आला' असं तो बिनदिक्कत बोलायचा आणि आम्ही हसलो की तोही हसायचा. बंगालातल्या मेदिनीपूरकडच्या खेड्यातून नाशिकजवळच्या अंबडच्या आमच्या कारखान्यात तो वेल्डर म्हणून आला आणि वीस वर्षं राहिला. त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं.

गाणं तो वर्षातून एकदाच म्हणायचा, पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर. स्वातंत्र्यासाठी कोवळ्या वयात फासावर गेलेल्या त्यांच्याकडच्या एका मुलाचं बंगाली गाणं. डोळे मिटून, हात ताठ ठेवून म्हणायचा. पहिल्या वर्षी पोरं खुसखुसली. पॅकिंगच्या सुमनताई मात्र पदराने डोळे पुसत होत्या. त्यांना एकही शब्द कळला नव्हता. अर्थ विचारला तर दादा म्हणाला, "पोरगा आईला सांगते, मी जाते. बास."

एकदा गणपतीत आम्ही फार आग्रह केला. त्याने नकारार्थी मान हलवली. "जेवल्यावर म्हणायचा गाणा नाही ते, भाऊ."

दोन वर्षांपूर्वी हवा बदलली. बंगाली बोलणारा म्हणजे सीमेपलीकडचाच, अशी कुजबुज वस्तीत सुरू झाली. घरमालकाने खोली सोडायला सांगितली. दादाने गावाहून कागद मागवले, चार ठिकाणी रांगा लावल्या. सगळे कागद बरोबर निघाले, खोलीही राहिली. पण त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत गावी फोन करायचा झाला, की तो शेडच्या मागे जाऊन हळू आवाजात बोलायचा.

त्या ऑगस्टमध्ये मॅनेजरांनी आम्हा तिघा सुपरवायझरांना बोलावलं. यंदा ते गाणं नको, उगाच कुणी व्हिडिओ काढून भलतंच पसरवील, असं त्यांचं म्हणणं. मी मान डोलावली. माल वेळेत जात नव्हता, आठवडाभर डबल ड्यूटी झाली होती; वाद घालायचं त्राण नव्हतं. दादाला सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. त्याने ऐकून घेतलं, हातमोजे चढवले आणि कामाला लागला.

दिवाळीआधी त्याने नोकरी सोडली. मी नाशिकरोडला पोचवायला गेलो. गाडी फलाटाला लागली तेव्हा कसंबसं म्हटलं, "दादा, मी तेव्हा बोलायला हवं होतं."

"तुम्ही थकली होती, भाऊ," तो म्हणाला. "मी पण थकली."

मग ट्रंक उचलून तो डब्यात चढला.

यंदा झेंडावंदन दहा मिनिटांत आटोपलं. जिलेबी वाटता वाटता सुमनताईंनी विचारलं, ते आईचं गाणं कुणाला येतं का, निदान एक कडवं म्हणा. इतकी वर्षं ऐकलं होतं, पण पहिला शब्दसुद्धा कुणाला आठवेना. मलाही नाही.