‘येते’ की ‘जाते’ : कशेळ्याजवळचे तीन दिवस

सुवार्ता शमुवेल वाघचौरे, तुला सोडून मी प्रथमच परगावी मुक्कामाला गेलो. त्याचा हा वृत्तान्त तुला उद्देशून आहे. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांनीही तो खुशाल वाचावा. वाहनांचा तपशील मुद्दाम दिला आहे.

निमित्त झाले आपल्या पाळकसाहेबांनी दिलेले, एका ख्रिस्ती समुपदेशन केंद्रातल्या तीन दिवसांच्या शिबिराचे पत्रक. त्यावर ‘आंतरीक जखमांचे आरोग्य’ असे छापले होते. ‘आंतरिक’मधली ‘रि’ ऱ्हस्व हवी, आणि आरोग्य माणसाचे सुधारायचे असते, जखमांचे नव्हे. मी दोन्ही चुका तांबड्या शाईने दाखवून पत्रक परत केले. पाळकसाहेब म्हणाले, “सर, तुम्हीच जाऊन या.”

का, ते त्यांना ठाऊक होते. शस्त्रक्रियेला नेताना तू चाकांच्या खाटेवरून म्हणालीस, “जाते हं मी.” आणि छत्तीस वर्षे मराठी शिकवलेला मी म्हणालो, “जाते नव्हे, येते म्हणावे.” दार बंद झाले. तू परत आली नाहीस. आपल्या संसारातले माझे शेवटचे वाक्य म्हणजे एक दुरुस्ती. तेव्हापासून माझी एकही प्रार्थना ‘आमेन’पर्यंत पोहोचलेली नाही, मध्येच कोठेतरी माझा मीच वाक्यरचनेला अडखळतो.

पुण्याहून जुन्या रस्त्याने पनवेलकडे जाणारी एस.टी. घ्यावी व खोपोलीस उतरावे. मी उतरलो नाही. एका फलकावरील ‘शाकाहरी’ या शब्दाचा विचार करीत राहिलो. वाहक म्हणाला, “आजोबा, खोपोली मागंच गेली की!” कुंभिवलीला उतरून रिक्षाने उलटे यावे लागले. खोपोलीहून रिक्षानेच कर्जत, आणि कर्जतहून कशेळ्याची जीप.

जीपच्या तिघांच्या आसनावर आम्ही चौघे होतो.

“काका, सरा जरा, अजून एक शीट हाय.”

“हे आसन तिघांचे आहे.”

“गाडी माजी हाय ना? मंग मोजनार बी मीच!”

सगळी जीप हसली. मी सरलो. दोन्ही बाजूंना कापणीला आलेले पिवळे भात होते. ते तू पाहायला हवे होतेस.

केंद्र कशेळ्याच्या पुढे आहे. खोल्या साध्या, स्वच्छ. जेवण तांदळाच्या भाकरीचे, आणि तेवढ्यासाठीही जावे. समुपदेशक एस्तेरताई माझ्या विद्यार्थिनी शोभाव्यात एवढ्या वयाच्या. त्यांनी समजावले की, आपल्या आत अनेक ‘भाग’ असतात. कोणी रागावलेला, कोणी लपून बसलेला, कोणी पहारा देणारा. कोणालाही हाकलायचे नाही. प्रत्येकाचे ऐकायचे आणि मग त्याला ख्रिस्ताजवळ येऊ द्यायचे.

मी डोळे मिटले. माझा पहारेकरी लगेच दिसला. एक मास्तर, खुर्चीवर ताठ, हातात तांबडे पेन.

“त्याला विचारा, तू इथे कधीपासून आहेस?”

“ते वयाने मोठे आहेत. ‘तू’ म्हणणे प्रशस्त नव्हे.”

“बरं. आपण कधीपासून आहात?”

“ते म्हणतात, ‘इथे’ नव्हे, ‘येथे’.”

एस्तेरताईंनी दीर्घ श्वास घेतला. “प्रभू येशू त्यांच्याजवळ बसले तर चालेल का?”

मी विचारले. मास्तर खुर्ची सोडीनात आणि वर्गात दुसरी खुर्ची नव्हती. प्रभू निमूटपणे मागच्या बाकावर जाऊन बसले. मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशीही हेच झाले. फरक इतकाच, की मास्तरांनी हजेरी घेतली.

स्वयंपाक करणाऱ्या मंदाबाई कडावच्या. त्यांनी हे सारे खिडकीतून ऐकले होते. भाकरी वाढताना हळूच म्हणाल्या, “मास्तर, तुमच्या अंगात येतं काय?”

“नाही, नाही. ते माझे भाग आहेत.”

“आमच्या नणंदंच्या अंगात यायचं. निदान ती नारळ तरी मागायची. तुमचा बाबा नुस्ता चुकाच काढतो!”

तिसऱ्या दिवशी सामान उचलले. फाटकाशी जीप उभी होती. मंदाबाईंना नमस्कार केला आणि मनातल्या गोंधळात मी, शमुवेल वाघचौरे, म्हणालो, “जातो.”

“आसं म्हनू नाय मास्तर! येतो म्हना.”

“माझी चूक काढता?”

“चूक कशाला काढू? मानूस परत यावा वाटतं, म्हनून म्हनतात तसं. तुमी येवढे शिकल्याले, येवढं बी ठावं नाय?”

सुवार्ता, मी फाटकाशेजारच्या दगडावर बसलो आणि रडलो. चांगला मोठ्याने, विरामचिन्हांशिवाय. मास्तरांच्या हातून पेन सुटले, आणि मागच्या बाकावरून उठून कोणीतरी माझ्या शेजारी येऊन बसले. चालकाने दोनदा भोंगा वाजवला. मंदाबाई ओरडल्या, “थांब रं जरा! मास्तर रडतायत, दिसत नाय?”

“रडू द्या की,” तो म्हणाला, “पन गाडीत बसून रडा म्हनावं, कर्जतपातुर येळच येळ हाय.”

त्याचे म्हणणे रास्त होते. मी तसेच केले.

घरी येऊन कोटाच्या खिशात हात घातला, तो खोली क्रमांक तीनची किल्ली. टपालाने धाडता आली असती, पण किल्ली स्वहस्ते परत करणे उचित. सोमवारी पुन्हा एस.टी., रिक्षा, जीप. या वेळी खोपोलीस वेळेवर उतरलो.

“बगा!” मंदाबाई म्हणाल्या, “येतो म्हनलं की येतंच मानूस.”

नेहमी येत नाही, हे मी त्यांना सांगितले नाही. चूक काढायची नव्हती. खोली सताड उघडीच होती. मी आत थोडा वेळ बसलो. प्रार्थना केली, आणि ती ‘आमेन’पर्यंत गेली.

तुझे ‘जाते’ शुद्ध होते, सुवार्ता. तुला कदाचित ठाऊक होते. माझे ‘येते’ ही दुरुस्ती नव्हती, विनंती होती. ती मी चुकीच्या स्वरात केली. तुझ्या वाक्याखालची तांबडी रेघ मागे घेत आहे.

खोली क्रमांक तीनला कुलूप लावले. ओढून पाहिले. किल्ली मंदाबाईंच्या हाती परत केली, आणि म्हणालो, “येतो.”