धूळ आतच राहिली पाहिजे

मशीनताईला वाळूची भीती वाटायची. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण ऐकणारा हसायचा. गल्लीत कुणाचं बांधकाम निघालं आणि रस्त्यावर वाळूचा ढीग पडला, की ही नाकाला रुमाल लावून पलीकडच्या बाजूने जायची. त्रेपन्न वर्षांची, शिवणयंत्रं दुरुस्त करणारी, दोन माणसांना न हलणारं बिडाचं स्टँड एकटी सरकवणारी बाई. पण वाळूपुढे तिचं काही चालायचं नाही.

कारण घरातच होतं. तिचा दादा. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादाने शिक्षण सोडून टाक्यांच्या कारखान्यात नोकरी धरली. काम असं, की हवेच्या जोराने वाळू फेकायची आणि लोखंडी टाक्यांवरचा गंज उडवायचा. एकोणीस वर्षं त्याने तेच केलं. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या; छोटी मशीनताई म्हणायची, "दादा, तू म्हातारा झालास!" आणि दोघं हसायची. आता तो एकसष्टचा होता आणि नाकाला नळी लावून खाटेवर बसून असायचा. शेजारी प्राणवायूचं यंत्र घरघरायचं. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात घट्ट बसली आहे आणि ती निघणार नाही, हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत अकरा पावलं. मध्ये एकदा थांबावं लागायचं.

दादाच्या खोलीला लागूनच मागची खोली, तिथे ताईचं काम चालायचं. मध्ये एक भिंत आणि भिंतीत एक खिडकी.

त्या वर्षी शिवण शिकवणाऱ्या एका शाळेने सव्वीस जुनी मशीनं तिच्याकडे पाठवली. सगळ्यांची स्टँडं गंजलेली. त्या नक्षीदार बिडाच्या जाळ्या तारेच्या ब्रशने घासता घासता सातव्या मशीनला ताईचं उजवं मनगट सुजून पावासारखं झालं. हाडांच्या डॉक्टरांनी दाबून पाहिलं, ती कळवळली.

"ब्रश बंद," डॉक्टर म्हणाले.

"किती दिवस?"

"दिवस नाही विचारायचे. बंद म्हणजे बंद."

शेजारचा वेल्डर, ज्याला सगळे ठिणगी म्हणत, त्यानेच उपाय सुचवला. "ताई, बंद पेटी मिळते. पुढे काच, काचेखाली दोन भोकं, भोकांना लांब रबरी हातमोजे. वस्तू आत ठेवायची, दार लावायचं, हात मोज्यांत घालायचे आणि आतल्या आत हवेच्या बंदुकीने मारायचं. एक जाळी दहा मिनिटांत चकाचक."

"काय मारायचं?"

"वाळू."

ताईने हातातला पाना खाली ठेवला. ठिणगीला दादाची कथा माहीत होती; त्याने जीभ चावली. "किंवा काचेचे मणी. रव्याएवढे असतात. वाळूच पाहिजे असं थोडंच आहे."

दोन दिवस तिने विचार केला. मग जीव मुठीत धरून अवजारांच्या दुकानात गेली. तिथली तयार पेटी टेबलावर मावेल एवढी होती. तिच्या स्टँडची जाळी आत तिरकीसुद्धा गेली नसती. ताईने पेटीचं दार लावलं आणि काचेला डोळा लावला. दाराच्या फटीतून दुकानातला उजेड सरळ आत येत होता.

"डोळे मिटून घेऊन जा, ताई," दुकानदार म्हणाला.

"डोळे मिटता येतात हो," ताई तशीच वाकून म्हणाली. "नाकाचं काय करू?"

मग ठरलं, पेटी घरीच बांधायची. ठिणगीने एक जुनं पत्र्याचं कपाट आडवं केलं, खाली उतरतं नरसाळं जोडलं म्हणजे मणी परत तळाशी जमतील, बाजूला दार, वर दिवा, पुढे काच. दादाने विचारलं, "कसली ठोकाठोक चाललीय?" तर ताई म्हणाली, "कपाट." कपाटच होतं ते, त्यामुळे खोटंही नव्हतं. पण बोलताना तिला त्याच्याकडे बघवलं नाही.

एका दुपारी ती दादाची औषधं आणायला गेली होती. परतताना गल्लीच्या तोंडाशीच तिला आवाज ऐकू आला. लांबलचक, कर्कश फुत्कार. पिशवी छातीशी धरून ती पळत सुटली.

मागच्या खोलीचं दार उघडं. पेटीला हवेच्या पंपाची नळी जोडलेली, आणि ठिणगी दोन्ही हात मोज्यांत घालून, जत्रेतलं पोर असावं तसा खूश. पेटीच्या दारातून, मोज्यांच्या कडांमधून, वरच्या दिव्याच्या भोकातून पिठासारखी करडी धूळ बाहेर पडत होती आणि कवडशात लोंबकळत होती. आणि भिंतीतली खिडकी उघडी होती.

"बंद कर!" ताई ओरडली. तिने आधी खिडकी लावली. मग हवेचा खटका पाडला. "काय घातलंस आत?"

"मणी उद्या येणार आहेत ना. म्हटलं तोवर चाचणी घेऊ. कोपऱ्यावरची थोडी चाळून..."

"वाळू?"

"दोन तांबे फक्त, ताई."

तिने ठिणगीला दंडाला धरून बाहेर काढलं, अंगणातल्या नळाखाली त्याचं डोकं धरलं आणि स्वतःही कपड्यांसकट भिजली. मग ओल्या अंगाने दादाच्या खोलीत गेली.

दादा खाटेच्या काठावर ताठ बसला होता. दोन्ही मुठी चादरीत वळलेल्या. चेहरा भिंतीकडे.

"तो आवाज," दादा म्हणाला. श्वास घेतला. "तो आवाज मी झोपेतही ओळखेन."

"दादा, मी..."

"घरात आणलंस?"

त्या रात्री दादाला ताप भरला आणि सकाळी खोकल्याची उबळ थांबेना. दवाखान्यात नेलं. दवाखान्याच्या बाकावर ताई चार दिवस बसून होती. डॉक्टर म्हणाले की हा संसर्ग आहे, आठवडाभर आधीच अंगात शिरला असणार; त्या दुपारचा संबंध नाही. ताईने मान डोलावली, पण मन कुठलं ऐकतंय! भित्यापाठी ब्रह्मराक्षस. डोळा लागला की तिला कवडशातली ती धूळ दिसायची, हळूहळू खिडकीकडे सरकणारी. तिने स्वतःच्या छातीचा फोटोही काढून घेतला. तो साफ आला. "पण एका दिवसाचं फोटोत दिसतं का?" तिने विचारलं. "नाही दिसत," डॉक्टर खरं बोलले. "आणि एका दिवसाने सहसा होतही नाही." त्यातला "सहसा" तेवढा तिच्या डोक्यात रुतून बसला.

दादा घरी आला. ताईने पेटी अंगणात ढकलली, ताडपत्रीने झाकली, मागची खोली तीनदा ओल्या फडक्याने पुसली आणि डाव्या हातात ब्रश धरला. आता डावं मनगटही सुजायला लागलं. ठिणगी कुंपणापाशी घुटमळायचा आणि तोंड पाडून परत जायचा.

तीन आठवड्यांनी जेवताना ताईच्या हातून ताट निसटलं. दादाने तिची मनगटं पाहिली.

"ती पेटी आण," तो म्हणाला.

"मोडीत देणार आहे मी ती."

"आण म्हणतो ना. आणि त्या ठिणगीला बोलाव. त्याचे कान उपटायचेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा, किती वर्षांनी कोण जाणे, मागच्या खोलीत आला. नळीला लांब जोड लावला होता. उंबऱ्यावर तो थांबला. ताईला वाटलं दम लागला, पण तो पेटीकडे बघत होता, आणि त्याने दाराची चौकट घट्ट धरून ठेवली होती. म्हणजे दादाही घाबरला होता. आयुष्यभर ज्याच्या मागे ती लपली, त्याला असं पाहून ताई पुढे झाली.

"नको दादा, चल परत."

"खुर्ची दे."

तो बसला. पेटीतली वाळूची कणी न् कणी ओल्या फडक्याने निघाली आहे ना, हे त्याने दोनदा विचारलं. मग पेटीत पेटती विजेरी ठेवायला लावली, दार लावलं आणि खोलीत अंधार केला. बंद पेटीच्या अंगावर उजेडाच्या रेघा उमटल्या. दाराला दोन, नरसाळ्याच्या सांध्याला एक, काचेच्या कोपऱ्यात ठिपका. दादाने एकेक बोटाने दाखवली. ठिणगी खडूने खुणा करत गेला.

"जिथून उजेड येतो, तिथून मरण येतं," दादा त्याला म्हणाला. "नुसतं बुजवूनही भागत नाही. हवा आत मारतोस, ती बाहेर पडणारच. तिला तूच वाट दे. पंखा लाव, तिला ओढून घे, कापडी गाळणीतून ने आणि पाइप छपराच्या वर काढ. आतली हवा सतत ओढली गेली पाहिजे. मग एखादी फट राहिलीच, तर बाहेरची हवा आत जाईल. धूळ आतच राहिली पाहिजे."

एवढं बोलायला त्याला पाव तास लागला. मध्येमध्ये तो थांबायचा आणि दोघं मान खाली घालून वाट बघायची.

"तुमच्या कारखान्यात होतं असं?" ठिणगीने विचारलं.

"आम्हाला कोण देतंय पेटी? आम्ही टाकीच्या आतच उभे असायचो."

नऊ दिवस काम चाललं. दाराला जाड रबर, सांध्यांना वेल्डिंगचे नवे टाके, मागे पंखा. मणी आले, ताईने चिमूटभर भिंगाखाली धरून पाहिले, सगळे गोल आणि चकचकीत आहेत ना. चाचणीच्या दिवशी तिने दादाला पुढच्या खोलीत बसवलं, मधली दारं लावली, खिडकीच्या फटींवर चिकटपट्टी मारली. तोंडावर गाळणीचा मुखवटा चढवला. पंखा सुरू केला. दादाने शिकवल्याप्रमाणे पातळ कागदाची पट्टी दाराच्या कडेशी धरली. पट्टी आत ओढली जाऊन पत्र्याला चिकटली. सगळ्या कडांना तिने ती फिरवली. मग मोज्यांत हात घातले. बंदूक उचलली.

तिने खटका दाबला. फुत्कार झाला आणि तिने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा बिडाच्या वेलबुट्टीवर गंजाच्या जागी राखाडी, कोवळं लोखंड दिसत होतं. ती हसली नाही. श्वास रोखून धरलाय हे तिला छाती दुखायला लागल्यावर कळलं.

उरलेली मशीनं दोन महिन्यांत झाली. सवय झाली, पण भीती गेली नाही. रोज आधी कागदाची पट्टी, मग काम. काम झाल्यावर दहा मिनिटं पंखा चालू ठेवायचा, आणि मगच दार उघडायचं.

मोठ्या रस्त्यावर फाटकं बनवणारा एक कारखाना होता. तिथे एक दाढीवाला कामगार उघड्यावर वाळू मारायचा. ताईने कारखानदाराला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुमचं छोटं काम, तुम्हाला परवडतात असले लाड." पण कामगाराने ते ऐकलं होतं. सुट्टीच्या दिवशी तो विचारत विचारत घरी आला. पेटी बघितली, मोज्यांत हात घालून बघितले. मग दादाच्या खोलीत आल्यावर त्याची नजर खाटेवरच्या दादाकडे, नळीकडे गेली.

"किती वर्षं केलंत, दादा?"

"एकोणीस."

"मला सहा झाली." त्याने घसा साफ केला. "त्रास होतोय हे केव्हा कळतं?"

दादाने नाकातली नळी नीट बसवली.

"जिना चढताना कळतं," तो म्हणाला. "पण तोवर थांबू नकोस. उद्याच फोटो काढून ये. ही येईल तुझ्याबरोबर."

कामगाराने ताईकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते तिला पुरेपूर ओळखीचं होतं.

"सकाळी नऊला दवाखाना उघडतो," ताई म्हणाली. "साडेआठला ये. उपाशी यायची गरज नाही."

तो साडेआठच्या आधीच आला.