वहिनींचा कुऱ्हाडीचा सिनेमा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच कळले नाहीत. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. त्याची माफी आधीच मागते. पुढे जे लिहिणार आहे त्याची मागणार नाही.

गोडबोले वहिनी गेल्या त्याला महिना होत आला. त्या सकाळी मी कूलरमध्ये पाणी भरत होते. शेजारची शालिनी फाटकातूनच ओरडली, "कमल, अगं गोडबोले वहिनी गेल्या! झोपेतच गेल्या, काही त्रास नाही." मी बादली खाली ठेवली. मनात पहिलं काय आलं ते खरं लिहिते... झोपेत? इतकं सोपं?

आमच्या मराठी मंडळाच्या अंकात सगळ्याजणी त्यांच्यावर लिहिणार आहेत. त्या किती वाचायच्या, किती प्रेमळ होत्या, खातीपुऱ्यासारख्या हिंदी मुलखात राहून मराठी कशी जपली. सगळं खरं आहे. माझं हे मात्र तिथे द्यायचं नाही.

माझे यजमान रेल्वेत, त्यांचे यजमान बँकेत मोठे साहेब. माझ्या सुनीताला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फी भरायला आमच्याकडे पैसे नव्हते, तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. वहिनींनी लगेच दिले. माझ्या आईच्या पाटल्या मी पुढे केल्या तर म्हणाल्या, "अगं, गहाण कसलं? नुसत्या माझ्याकडे राहू देत. तुमच्या क्वार्टरमध्ये कपाटाला धड कुलूप नाही." व्याजाचं विचारलं तर हसल्या. "तुझ्याकडून व्याज घेऊ? उन्हाळ्यात पापड-कुरडया तेवढ्या करून दे." मग दर उन्हाळ्यात मी त्यांच्या गच्चीवर. त्यांचे पापड, त्यांच्या बहिणीचे पापड, पुण्याला पाठवायच्या कुरडया. इथल्या गच्च्या एप्रिलमध्येच तव्यासारख्या होतात. वहिनी जिन्यातल्या सावलीत खुर्ची टाकून बसायच्या आणि मला पुस्तक वाचून दाखवायच्या.

त्यांचं सगळ्यात आवडतं पुस्तक रशियातलं होतं, मराठीत आणलेलं, विटेएवढं जाड. एक गरीब विद्यार्थी असतो. एक म्हातारी वस्तू ठेवून घेऊन पैसे देते. ती आपल्या बहिणीला मोलकरणीसारखी राबवते. विद्यार्थी त्या म्हातारीला कुऱ्हाडीने मारतो आणि मग पुस्तकभर तळमळत राहतो. वहिनी फार सुंदर वाचायच्या. माझे हात कुरडया घालत असायचे आणि मी त्या परक्या गावात, त्या कोंदट खोलीत असायचे. इतकं चांगलं मला आयुष्यात कोणी काही दिलं नव्हतं, हेही लिहायला पाहिजे. ज्या बाईकडे माझ्या पाटल्या, तीच मला हे वाचून दाखवत होती आणि तिला त्यात काहीच दिसत नव्हतं. म्हातारीचं आलं की पान उलटताना म्हणायच्या, "व्यवहार आहे हो तिचा. त्यात वाईट काय?"

मग त्यांच्या मुलाने, मिलिंदने, सीडी प्लेअर आणला आणि या पुस्तकावरचे सिनेमे कुठून कुठून मिळवून दिले. एक जुना, काळापांढरा, त्याची सीडी शेवटाआधीच अडकायची. एक रंगीत मालिका, चांगली लांबलचक. दुपारी आम्ही बायका त्यांच्या दिवाणखान्यात जमायचो. बोलणं परकं, खाली इंग्रजी अक्षरं, म्हणून वहिनीच सगळ्यांचं मराठीत बोलायच्या. विद्यार्थ्याचं घोगऱ्या आवाजात, म्हातारीचं मात्र अगदी गोड. पडद्यावरची म्हातारी दात विचकतेय आणि वहिनी म्हणतायत, "बाळा, घड्याळ फार जुनं आहे रे, याचे एवढेच येतील." काळ्यापांढऱ्यात ती कळकट होती, रंगीतमध्ये त्याहून कळकट. वहिनी चिडायच्या. "दरवेळी हिला इतकी घाणेरडी का दाखवतात?" मी कोपऱ्यात बसून शेंगा सोलायचे. मी चारचौघांत बोलत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

त्या वर्षीच्या संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. हळदकुंकू आणि अत्तर लावायचं काम माझ्याकडे होतं. वहिनींनी हात पुढे केला आणि मनगटात माझ्या पाटल्या.

शालिनी बोलून गेली, "अय्या, या कमलच्या ना? तिच्या आईच्या, जुन्या घडणीच्या!"

"हो ना," वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तिला नड होती ना पैशांची. म्हटलं, सोनं वापरात असलेलं बरं."

मी त्या हाताला अत्तर लावलं. कुंकू लावलं. वाण घेतलं आणि घरी येऊन मोरीत तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं.

पुढच्या दुपारी रंगीत मालिकेत तो प्रसंग आला. वहिनींनी म्हातारीचा आवाज काढला, कुऱ्हाड खाली आली, सगळ्या "आई गं" म्हणाल्या. पाटल्या अजून त्यांच्या हातात होत्या. माझ्या तोंडून निघालं, "वहिनी, ते परत लावता का?"

"काय परत?"

"तेच. म्हातारीला मारतो ते."

"अगंबाई! कमलला तोंड फुटलं!" शालिनी हसली. बाकी कोणी हसलं नाही. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग मनगटाकडे. रिमोट त्यांच्याच हातात होता. त्यांनी परत लावलं. या वेळी त्यांनी कोणाचाच आवाज काढला नाही. म्हातारी परक्या भाषेत बोलली आणि मेली. वहिनींनी हात पदराखाली घेतले. मला इतकं बरं वाटलं... आजही आठवलं की वाटतं.

त्यानंतर पाटल्या त्यांच्या हातात दिसल्या नाहीत. पण त्यांनी मला पुन्हा वाचूनही दाखवलं नाही, सिनेमालाही बोलावलं नाही. उन्हाळ्यात मी एकटीच पापड वाळत घालायचे. विद्यार्थ्याचं शेवटी काय होतं ते मला शालिनीकडून कळलं. तो कबूल करतो, शिक्षा भोगतो, त्याला पस्तावा होतो. मला काही ते पटलं नाही.

सुनीता नोकरीला लागली तशी मी तिच्या पगारातून रक्कम बाजूला टाकत गेले. ती वहिनींच्या समोर टीपॉयवर ठेवायची आणि सगळ्या बायका बसलेल्या असतानाच ठेवायची, असं ठरवलं होतं. थोडीच कमी होती, तेवढ्यात त्या झोपेत निघून गेल्या. माझ्या हातून निसटल्या. शालिनी म्हणाली, "सुटलीस की गं! कागद नाही, काही नाही. आता कशाला देतेस?"

पण माझी आई सांगायची, कोणाचं देणं राहिलं तर पुढच्या जन्मी त्याच्याच दारात जावं लागतं. मला पुन्हा त्या गच्चीवर जायचं नव्हतं. कुठल्याच जन्मात.

तेरावं झाल्यावर उरलेली रक्कम सुनीताकडून आगाऊ घेतली आणि गेले. मिलिंदने मला पाहताच आतून पाटल्या आणल्या. "काकू, या तुमच्या. आई म्हणायची, कमलला देऊन टाक, पैसे मत लेना. मतलब, तिने माफ केलं होतं तुम्हाला."

माफ. मला.

"तुझ्या आईला म्हणावं, माफी स्वतःकडेच ठेव," नोटांचं पुडकं टीपॉयवर ठेवत मी म्हणाले. एवढं मोठ्याने मी कधी बोलले नव्हते. "पापडांची मजुरी मी यातून कापलेली नाही. आधी हे मोज."

"काकू, रहने दो ना..."

"बसून मोज. पूर्ण मोज."

तो त्यांच्याच खुर्चीत बसला. अंगठा ओला करून एकेक नोट उलटत गेला. मी उभीच राहिले. शेवटची नोट खाली ठेवून तो म्हणाला, "बरोबर आहेत, काकू. पूरे हैं."